निदान झाल्यानंतरचा रस्ता : सातपुड्यातील बंधपत्रित सेवेचे एक वर्ष

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. नेमणुकांसाठीच्या समुपदेशनाच्या यादीत आपल्या नावापुढे एखाद्या दुर्गम आदिवासी तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्र दिसले की घरात पहिली चर्चा होते ती बंधपत्राच्या १० लाख रुपयांच्या दंडाची आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या अभ्यासाची. माझ्याही घरी ती झाली. जुलै २०२५ मध्ये माझी सेवा पूर्ण झाली. या वर्षी ज्यांच्या हाती असे आदेश पडतील त्यांना थोडी कल्पना यावी, म्हणून हे लिहीत आहे. सगळ्या कामाविषयी न लिहिता मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांविषयीच लिहिणार आहे, कारण आदिवासी आरोग्यातील विषमता नेमकी कुठे असते आणि तिथे गावातील डॉक्टरला काय करता येते, हे मला त्या एका कामातून सर्वाधिक स्पष्ट दिसले. तालुक्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पाडे लहान आहेत आणि रुग्ण लगेच ओळखू येतील.

आदेश जून २०२४ मध्ये आला. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची कायम नोंदणी, आंतरवासिता पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, शारीरिक पात्रतेचा दाखला, आधार, पॅन आणि बँक पासबुक यांचे तीन-तीन संच आधीच करून ठेवावेत, कारण रुजू होण्याचा अहवाल आरोग्य केंद्र, तालुका आणि जिल्हा अशा तिन्ही ठिकाणी द्यावा लागतो आणि पावसाळ्यात वीज नसली की तालुक्याला झेरॉक्ससुद्धा मिळत नाही. आदिवासी भागात बंधपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्याला दरमहा ७५ हजार रुपये मानधन असते, परंतु पहिले मानधन हातात यायला दोन-तीन महिने लागू शकतात. तेवढ्या काळाचा घरखर्च, एक चांगली विजेरी आणि पावसाळी बूट सोबत असावेत.

आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. नकाशावर तो पुरेसा वाटतो. प्रत्यक्षात आमच्या केंद्राच्या हद्दीतील काही पाड्यांपर्यंत रस्ताच पोहोचत नाही, आणि आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. तिथे १०८ची गाडी उभी राहते. वस्ती पावरा आणि भिल्ल समाजाची आहे. वयस्क स्त्रियांना मराठी फारशी येत नाही, तर मला पावरी अजिबात येत नव्हती. पहिले काही आठवडे आशाताई शेजारी बसल्याशिवाय माझी ओपीडी चालत नसे. त्यांच्याकडून मी आधी दुखण्याविषयीचे प्रश्न शिकून घेतले : कुठे दुखते, केव्हापासून दुखते, याआधी असे कधी झाले होते. नव्याने येणाऱ्यांनी याच तीन प्रश्नांपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

ऑगस्टमध्ये आश्रमशाळेचे अधीक्षक आठवीतील एका मुलाला घेऊन आले. पायांच्या नळ्या आणि कंबर दुखते म्हणून तो खेळाच्या तासाला बसून राहतो आणि शाळा बुडवण्यासाठी बहाणे करतो, अशी त्यांची तक्रार होती. मुलाचे डोळे पिवळसर होते आणि वजन वयाच्या मानाने फारच कमी होते. त्याच्या वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत जुने केसपेपर जपून ठेवले होते. निरनिराळ्या ठिकाणच्या त्या कागदांवर अंगदुखी, मलेरियाची शंका, कावीळ आणि रक्तक्षय अशी निदाने होती, आणि जवळपास प्रत्येकावर लोहाच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन कमी होते ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून; तपासणीत लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोह देत राहण्यात लाभ नसतो, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर शरीरात लोह साठून अपाय होतो. हे सगळे आम्हाला शिकवलेले असते. पण शंभराची ओपीडी समोर असताना कुणीतरी तो सगळा गठ्ठा ओळीने वाचावा लागतो.

सिकलसेल हा आई आणि वडील दोघांकडून येणारा आजार आहे. दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः निरोगी असूनही तो दोष पुढे देऊ शकत असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. केंद्र सरकारच्या माहितीनुसार आदिवासी समाजात दर ८६ जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे तपासणीचे साहित्य आमच्याकडे होते, लक्ष्यही ठरवून दिलेले होते आणि किती तपासण्या झाल्या याचा अहवाल दर आठवड्याला वर जात होता. तपासणीत आजार निघालेल्या माणसाचे पुढे काय झाले, याचा रकाना मात्र रोजच्या अहवालात नव्हता. मला वर्षभराचे काम तिथे सापडले.

आश्रमशाळेतील तपासणी आम्ही सप्टेंबरमध्ये केली. विद्राव्यता चाचणीत रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात आणि काही मिनिटांनी नळी रेघा आखलेल्या कागदासमोर धरतात. मागच्या काळ्या रेघा स्वच्छ दिसल्या तर चाचणी नकारात्मक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सकारात्मक. चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, परंतु वाहक कोण आणि रुग्ण कोण हे तिच्यातून कळत नाही, सहा महिन्यांखालील बाळात तिचा भरवसा धरता येत नाही आणि नुकतेच रक्त चढवलेले असेल तर ती फसवू शकते. रुग्ण की वाहक हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या केल्यावरच ठरते. म्हणून नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर वय, आधी रक्त चढवल्याची तारीख आणि आईवडिलांचा पाडा ठळक लिहावा. मुलांना रांगेत उभे करून निकालाची नावे मोठ्याने वाचू नयेत, हे आम्ही शाळेशी आधीच ठरवून घेतले होते. वाहक मुलगी पूर्णपणे निरोगी असते, तरी तिचे नाव एकदा फुटले की लग्नाच्या वेळी त्याचा त्रास तिलाच होतो. सगळे निकाल बंद पाकिटात, आईवडिलांना, आशाताईंच्या समक्ष द्यायचे, असा नियम आम्ही ठेवला.

नमुने जिल्ह्याच्या ठिकाणी जात आणि निकाल यायला काही आठवडे लागत. तेवढ्यात बाजाराचे दिवस निघून जात, माणसे शेतात जात, मोबाईल क्रमांक बदलत. त्यावर आमच्या लॅब टेक्निशियन दादांनी साधा उपाय काढला. त्यांनी एका जाड वहीत प्रत्येक सकारात्मक नमुन्यासाठी एक पूर्ण पान ठेवले आणि त्यावर क्रमाने आठ गोष्टी लिहायला जागा सोडली : नमुना पाठवल्याची तारीख, निकाल, कुटुंबाशी बोलणे, भावंडांची तपासणी, औषध सुरू, रक्ततपासणी, प्रमाणपत्र आणि अनुदान. पोर्टलवरची नोंद आवश्यकच आहे, पण नेटवर्क नसलेल्या ठिकाणी आम्हाला त्या वहीचाच आधार होता.

त्या आठवीतील मुलाचा निकाल ऑक्टोबरमध्ये आला. तो रुग्ण होता, आणि त्याची धाकटी बहीणही रुग्ण निघाली. आईला आधीची दोन मुले लहानपणीच गेल्याचे त्या दिवशी मला कळले. कारण कुणालाच माहीत नव्हते, आणि मीही ते आता सांगू शकत नव्हते. आजार समजावून सांगताना मी आनुवंशिकतेचा तक्ता बाजूला ठेवला. ताप आला तर त्याच दिवशी यायचे, पाणी भरपूर प्यायचे, थंडीत अंग झाकायचे, आणि डाव्या बरगडीखाली हात ठेवून प्लीहा वाढली आहे का हे पाहायचे, एवढेच सांगितले. शेवटची गोष्ट सिस्टरांनी आईचा हात धरून बहिणीच्या पोटावर शिकवली. प्लीहेत अचानक रक्त साचून लहान मूल काही तासांत दगावू शकते. अशा वेळी घरात एकजण तरी ते ओळखणारा हवा, कारण दवाखाना दोन डोंगर पलीकडे असतो.

हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ दोन्ही कमी होतात. ते आयुष्यभर आणि नियमित घ्यावे लागते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांवर लक्ष ठेवावे लागते आणि गरोदरपणात ते देत नाहीत. पहिली अडचण पुरवठ्याची होती. प्राथमिक केंद्राच्या नेहमीच्या मागणीपत्रात ते नव्हते. रुग्णांची यादी, वजने आणि तीन महिन्यांची गरज मांडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत वेगळी मागणी करावी लागली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला औषध आले. मोघम मागणी पडून राहते, आकड्यांसह केलेली पुढे सरकते, हे मी पुढे प्रत्येक बाबतीत पाहिले.

दुसरी अडचण मात्रेची होती. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची आणि बहिणीचे वजन २० किलो. बालरोगतज्ज्ञांनी फोनवर हिशेब करून आठवड्यातून चार दिवस एक कॅप्सूल असे ठरवून दिले. आई निरक्षर होती आणि वारांची नावे तिच्या रोजच्या व्यवहारात नव्हती. आजूबाजूच्या कोणत्या गावचा बाजार केव्हा भरतो, हे मात्र तिला पक्के ठाऊक होते. आशाताईंनी चार गावांच्या बाजारांची नावे तिला सांगितली. ज्या दिवशी त्यांपैकी एखादा बाजार असेल, त्या दिवशी औषध. पुढच्या प्रत्येक भेटीत कॅप्सूल मोजल्या तेव्हा हिशेब बरोबर निघाला. फोलिक ॲसिड रोजचे होते, त्यामुळे त्याला काही युक्ती लागली नाही.

इथे बुडव्यांविषयी लिहिणे आवश्यक आहे. बुडवा म्हणजे पाड्यावरचा पारंपरिक उपचार करणारा माणूस. तो रात्री दोन वाजता हाकेला ओ देतो आणि रुग्णाच्या भाषेत बोलतो. त्याला ओपीडीत उभे करून दरडावणारे डॉक्टर आहेत. त्यातून एवढेच होते की रुग्ण पुढच्या वेळी त्याच्याकडे जाऊन आल्याचे आपल्यापासून लपवतात. आम्ही आमच्या हद्दीतील बुडव्यांना चहाला बोलावले, सिकलसेलच्या मुलाचा ताप आणि छातीतील दुखणे किती घातक असते ते सांगितले, आणि पूजा करायची तर करा पण त्याच दिवशी आमच्याकडेही पाठवा, एवढी विनंती केली. सगळ्यांनी ती ऐकली असा माझा दावा नाही. एक वयस्कर बुडवा मात्र पुढे स्वतःच रुग्णांना घेऊन येऊ लागला.

दिवाळीनंतर अर्धे पाडे रिकामे होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. सिकलसेलच्या रुग्णासाठी पहाटेची थंडी, पाण्याची आबाळ आणि अतिश्रम ही झटका येण्याची तिन्ही कारणे उसाच्या फडात एकत्र येतात. जाऊ नका, असे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण उचल आधीच खर्च झालेली असते. आम्ही जाणाऱ्या रुग्णांची रक्ततपासणी निघण्यापूर्वी करून घेतली, ती ठीक असलेल्यांना दोन महिन्यांचे औषध दिले आणि प्रत्येकाला एक पत्र दिले. त्यात निदान, मात्रा, शेवटच्या रक्ततपासणीचे आकडे आणि आमचा दूरध्वनी क्रमांक हिंदीत आणि गुजरातीत होता. गुजरातने सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम २००६ मध्येच सुरू केला होता, त्यामुळे तिकडच्या आरोग्य केंद्रांना आजार अपरिचित नाही. फक्त समोरचा मजूर आपला रुग्ण आहे हे त्यांना कळायला हवे. जानेवारीत तिकडच्या एका डॉक्टरांचा ते पत्र वाचून फोन आला, एका तरुणाची मात्रा विचारण्यासाठी. त्या रात्री मला फार समाधान वाटले.

डिसेंबर आणि जानेवारी हे सर्वांत कठीण महिने होते. थंडी वाढली की रात्री वेदनेचे रुग्ण येत. या आजाराची वेदना बाहेरून दिसत नाही. सूज नसते, जखम नसते, आणि वारंवार येणारा तरुण इंजेक्शनसाठी नाटक करतो असा शेरा सहज मारला जातो. मी केंद्रातील सर्वांना एकच विनंती केली, की रुग्ण सांगेल तेवढी वेदना खरी मानायची. शिरेतून द्रव, ऊब आणि पुरेसे वेदनाशामक एवढ्यावर बहुतेक रुग्ण आमच्याकडेच सावरत. ताप, छातीत दुखणे, धाप, एकाएकी आलेला फिकेपणा किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काही दिसले की वाट न पाहता वर पाठवत असू. सिकलसेलच्या रुग्णाला रक्त मोफत मिळते आणि त्यासाठी बदली रक्तदाता आणण्याची अट नाही, हे संदर्भ चिठ्ठीवर लाल शाईने लिहून देत जावे. नातेवाईक दाता शोधत हिंडण्यात रात्र घालवतात, ते त्यामुळे टळते.

जानेवारीच्या शेवटी आम्ही दिव्यांग प्रमाणपत्रांकडे वळलो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र केवळ रुग्णाला मिळते, वाहकाला मिळत नाही, आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग ठरलेल्या वारी जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय मंडळासमोर जायचे. आधारवरील नाव आणि एचपीएलसी अहवालावरील नाव अक्षरशः सारखे असावे लागते. आमच्याकडे एकाच मुलाची तीन कागदांवर तीन नावे असत : घरचे, शाळेतले आणि आधारवरचे. त्यामुळे नमुना घेतानाच आधार पाहून नाव लिहिणे, हा या संपूर्ण लेखातील कदाचित सर्वांत उपयोगी सल्ला ठरेल. शिवाय मंडळ आजाराची तीव्रता पाहते, आणि तीव्रतेचा पुरावा म्हणजे झटक्यांच्या, भरतीच्या आणि रक्त चढवल्याच्या नोंदी. वेदनेने रात्रभर तळमळलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर मी नुसते ‘अंगदुखी’ लिहिले, तर पुढे त्याचे प्रमाणपत्र अडते. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अक्षराला किती किंमत आहे, हे मला तिथे समजले.

एका रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला पाड्यावरून जीप, तिथून एसटी, दुपारचे जेवण आणि झेरॉक्स असा हजार रुपयांच्या घरात खर्च येई, आणि दोघांची मजुरी बुडे ती वेगळी. एकदा जाऊन काम झाले नाही की माणूस दुसऱ्यांदा जात नाही. म्हणून आम्ही रुग्णांना गटाने पाठवले, कागद आदल्या दिवशी तपासले आणि सोबत मराठी बोलणारा आरोग्य सेवक दिला. पहिली प्रमाणपत्रे मार्चमध्ये हाती आली. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे, आणि ती मिळाल्यावर औषधासाठी तालुक्याला येणाऱ्यांची संख्या लक्षात येईल इतकी वाढली.

होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो आणि स्थलांतरित माणसे परततात. वर्षातील हाच काळ सगळी माणसे एकत्र भेटण्याचा असतो. आम्ही त्या बाजारात टेबल टाकून रक्ताचे नमुने घेतले आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्जही भरून घेतले. या योजनेत सिकलसेलग्रस्तांचा समावेश आहे आणि तेव्हा दरमहा १,५०० रुपये मिळत होते. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. जोडणी तुटलेली असेल तर मंजुरी मिळूनही पैसे येत नाहीत. ते अर्जापूर्वी बँकेत तपासून घ्यावे. तहसील पातळीवरच्या बैठकीत काही अर्ज मे महिन्यात मंजूर झाले, काही मी निघेपर्यंत प्रलंबित होते.

हे सगळे डॉक्टरचे काम आहे का, असे माझ्या एका वर्गमित्राने विचारले होते. माझे उत्तर असे की मोफत औषध, मोफत रक्त, मोफत बस आणि अनुदान या चारही गोष्टी कायद्याने आणि योजनेने आधीच दिलेल्या आहेत. त्या शहराजवळच्या सुशिक्षित रुग्णापर्यंत पोहोचतात आणि सातपुड्यातील रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत. मधले अंतर भाषेचे, रस्त्याचे आणि सहीचे असते. भाषा आशाताईंकडे आहे. रस्ता आमच्या हातात नाही. सही मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याची आहे, आणि ती वेळेवर, नेमक्या शब्दांत आणि पाठपुराव्यासह करणे त्याला नक्कीच शक्य आहे. वेळ लागतो हे खरे. मी दर गुरुवारची दुपार त्यासाठी राखून ठेवली होती, कारण त्या दिवशी गावचा बाजार असे आणि माणसे आपसूक येत. पुन्हा एक आग्रह : या कामात आशाताईंचा प्रत्येक फेरा त्यांच्या मोबदल्याच्या देयकात बसतो का ते पाहावे, आणि बसत असेल तर देयकावर त्याच आठवड्यात सही करावी.

जुलै २०२५ मध्ये कार्यमुक्तीचा आदेश निघाला. त्याआधी औषधसाठा, उपकरणे आणि निवासस्थान यांची ना देणे प्रमाणपत्रे, हजेरीचा महिनावार गोषवारा आणि सेवा पूर्ण केल्याचा दाखला घ्यावा लागतो. हा दाखला तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून महाविद्यालयात जातो, तेव्हा बंधपत्रमुक्तीचे प्रमाणपत्र मिळते आणि मूळ कागदपत्रे परत येतात. रजा घेतल्या असतील तर तेवढे दिवस पुढे भरून द्यावे लागू शकतात, म्हणून गोषवारा दर महिन्याला जुळवून ठेवावा. माझ्या जागी आलेल्या डॉक्टरांसोबत मी एक आठवडा थांबले. आम्ही दोघी लॅबची ती वही पान उलटत वाचत गेलो, आणि ज्यांच्या पानावर ‘रक्ततपासणी’ किंवा ‘अनुदान’ कोरे होते त्यांची वेगळी यादी करून प्रत्येकाच्या पाड्याच्या आशाताईंना दिली. आठवीतील तो मुलगा आता नववीत आहे. त्याची पुढची रक्ततपासणी ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी ठरवून दिली आहे.